आठवतच नाही, तर शिक्षा कसली? पुनर्जन्म, मृत्यू आणि जबाबदारी

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

पुनर्जन्म आहे की नाही यावर इथे बरेच धागे निघाले आणि सगळे पुराव्यापाशी येऊन अडले. या धाग्यात तो वाद नको. पुनर्जन्म आहे असं घटकाभर धरून चालू आणि त्याच्या पुढचं विचारू. मागच्या जन्मी कोणीतरी काहीतरी केलं, त्याचं फळ आज मला मिळतंय. मग ते कर्म 'माझं' कोणत्या अर्थाने?

जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने हा प्रश्न फार नेमका मांडला आहे. मानवी आकलनावरच्या त्याच्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १६९४ मध्ये, त्याने एक नवं प्रकरण घातलं: माणूस काल होता तोच आज आहे, हे कशावरून ठरतं? शरीरावरून नाही, आत्मा नावाच्या द्रव्यावरूनही नाही, असं तो म्हणतो. जाणिवेच्या सलगपणावरून ठरतं. काल केलेलं मला आतून माझं म्हणून माहीत आहे, म्हणून त्याचा जाब मला विचारता येतो. मग तो विचारतो, एखाद्याला आधीच्या जन्मातल्या कृत्याबद्दल आज शिक्षा झाली आणि त्या जन्माची त्याला जराही जाणीव नसेल, तर ती शिक्षा आणि त्याला मुळातच दुःखी जन्माला घालणं यात फरक काय राहिला?

हा प्रश्न परक्यांनी आपल्यावर लादलाय असंही नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला सांगतात, माझे आणि तुझे पुष्कळ जन्म होऊन गेले, मला ते सगळे ठाऊक आहेत, तुला नाहीत. म्हणजे विसर पडलेला आहे हे गृहीतच धरलंय. ज्याला आठवतं तो ईश्वर, आणि ज्याला भोगायचं त्याची पाटी कोरी.

माझं मत सांगून टाकतो. स्वतःपुरता आणि पुढे पाहताना कर्मसिद्धांत मला पटतो. आज मी जे करेन ते वाया जाणार नाही, ते कुठेतरी उगवेल, हे मानून मी जगतो. पण तोच सिद्धांत मागे वळवला आणि दुसऱ्याच्या दुःखावर लावला, की त्यातून अन्याय घडतो. आता हे मत सिद्धांताच्या आतून टिकतं का, की मी सोयीचं तेवढं उचलतोय, ते तपासायचंय. विरोधी मतं जरूर लिहा.

निरंजना

चांगला विषय. लॉकच्या कितीतरी शतकं आधी हाच प्रश्न एका ग्रीक राजाने विचारला होता, तोही आपल्या उपखंडात. मिनँडर, पालीत मिलिंद. त्याची राजधानी सागल, म्हणजे बहुधा आजचं सियालकोट. भिक्खू नागसेनांशी झालेले त्याचे संवाद मिलिंदपञ्ह या ग्रंथात आहेत.

राजा विचारतो, पुन्हा जन्मतो तो तोच असतो की दुसरा? नागसेन म्हणतात, तोही नाही आणि दुसराही नाही. आत्मा नावाचं काही एका देहातून दुसऱ्या देहात जात नाही, असं बौद्धांचं म्हणणं. मग राजा लगेच मुद्द्यावर येतो: काहीच जात नसेल, तर माणूस आपल्या पापातून सुटलाच की!

त्यावर आंबेचोराचा दृष्टान्त आहे. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर म्हणतो, मालकाने जमिनीत पुरलेला आंबा वेगळा आणि मी तोडलेले आंबे वेगळे, मी याचं काही चोरलं नाही. राजा तू त्याला सोडशील का? नाही सोडणार, कारण तोडलेले आंबे त्या पुरलेल्या आंब्यापासूनच झाले. तसंच या नामरूपाने, म्हणजे मन-शरीराने, कर्म केलं, त्यापासून दुसरं नामरूप झालं, म्हणून ते सुटत नाही.

इथे लॉकला हवी असलेली आठवण लागतच नाही. कार्यकारणाची साखळी तुटलेली नाही एवढं पुरतं.

कृष्णाकाठ

@निरंजनाताई, दृष्टान्त मी वाचलाय आणि आवडतोही. पण त्यात एक जागा मला अडते. आंबा बदलला, चोर कुठे बदलला? राजासमोर जो उभा आहे त्यानेच चोरी केली आणि ती त्याला आठवतेही आहे. आपला प्रश्न चोर बदलल्यावर काय, असा आहे.

निरंजना

बरोबर आहे. दिव्याने गाव जळण्याचा आणि दुधाचं दही होण्याचा, असे आणखी दृष्टान्त तिथे आहेत, पण तुमचा आक्षेप त्यांनाही लागेल. मी त्याचं उत्तर वेगळ्या बाजूने देईन. बौद्ध मांडणीत न्यायाधीशच नाही. शिक्षा देणारा कोणी नसेल तर शिक्षाही नाही, फक्त परिणाम आहे. तरुणपणी तंबाखू खाल्ली त्याचा त्रास साठाव्या वर्षी होतो, तेव्हा 'हे मला न्याय्य आहे का' असं आपण विचारत नाही.

कृष्णाकाठ

मग फेड, देणं, भोग, ही भाषा सोडून द्यावी लागेल. आपल्या घराघरांत तर कर्माबद्दल तीच बोलली जाते. परिणामाची भाषा धरली तर 'त्याला हे मिळायलाच हवं होतं' असं कोणाबद्दलही म्हणता येत नाही. हे मान्य असेल तर माझं तुमच्याशी भांडण नाही.

पारिजातक

लॉकला पाश्चात्त्यांतच उत्तर दिलं गेलंय, ते इथे यायला हवं. थॉमस रीड या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७८५ मध्ये एका सेनाधिकाऱ्याचं उदाहरण घेतलं. लहानपणी बागेतली फळं चोरली म्हणून याला मार बसला होता. तरुणपणी पहिल्याच मोहिमेत त्याने शत्रूचं निशाण जिंकलं, तेव्हा त्याला तो मार आठवत होता. म्हातारपणी सेनापती झाला, तेव्हा निशाण आठवतंय पण मार पार विसरला. आठवणीवरून ओळख ठरवायची तर सेनापती हाच तो तरुण, तरुण हाच तो मुलगा, आणि तरीही सेनापती तो मुलगा नाही! म्हणजे नुसत्या आठवणीवर भिस्त ठेवली तर एका जन्मातसुद्धा हिशेब लागत नाही.

दुसरं म्हणजे प्लेटो. पुनर्जन्म फक्त पूर्वेचा आणि एक जन्म पश्चिमेचा, ही वाटणी चुकीची आहे. पायथागोरसबद्दल तर झेनोफनिस हा ग्रीक कवी सांगतो, की मार खाणाऱ्या एका कुत्र्याला पाहून हा म्हणाला, मारू नका, हा माझ्या मित्राचा आत्मा आहे, आवाजावरून ओळखला. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दहाव्या भागात एर नावाच्या सैनिकाची कथा आहे. रणांगणावर मेलेला हा माणूस चितेवर जिवंत होतो आणि वर काय पाहिलं ते सांगतो. तिथे आत्म्यांपुढे पुढच्या आयुष्यांचे नमुने मांडलेले असतात आणि चिठ्ठी निघेल त्या क्रमाने ज्याने त्याने निवडायचं. घोषणा होते: दोष निवडणाऱ्याचा, देव निर्दोष.

पहिली चिठ्ठी निघालेला धावत जाऊन मोठ्यात मोठं हुकूमशहाचं आयुष्य उचलतो. नीट पाहतो तर त्यात स्वतःचीच मुलं खाण्याचं प्राक्तन. मग ऊर बडवून घेतो आणि दैवाला दोष देतो. प्लेटो त्याच्याबद्दल सांगतो ते मला फार महत्त्वाचं वाटतं: हा मागच्या जन्मी सज्जन होता, चांगल्या व्यवस्थेच्या नगरात राहिला होता, पण त्याचा सज्जनपणा सवयीचा होता, विचाराचा नव्हता. ओडिसियसची चिठ्ठी सगळ्यांत शेवटी निघते. तो कीर्तीला विटलेला असतो. शोधून शोधून एका साध्या, कोणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या माणसाचं आयुष्य घेतो आणि म्हणतो, पहिली चिठ्ठी निघाली असती तरी हेच घेतलं असतं.

निवड झाल्यावर विस्मृतीच्या नदीचं पाणी प्यायचं आणि मग जन्म. म्हणजे विसर इथेही आहे, पण निवडीच्या वेळी डोळे उघडे होते. लॉकचं समाधान यानेही होणार नाही हे खरं.

ओवीकार

धागा वाचतोय. वेदान्ताची बाजू कोणी मांडलेली नाही म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट, आठवत नाही म्हणजे संबंध तुटला असं होत नाही. आईने दोन वर्षांचे असताना लावलेल्या सवयी आपल्याला आठवत नाहीत, पण आपण त्या सवयींचेच बनलेले असतो. योगसूत्रांत संस्कारांचा साक्षात्कार झाला की पूर्वजन्माचं ज्ञान होतं असं म्हटलंय. आठवण नष्ट झालेली नाही, झाकलेली आहे.

दुसरी, हा सिद्धांत कशासाठी आला ते पाहा. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात सरळ आक्षेप घेतलाय: ईश्वराने जग निर्माण केलं असेल तर एक सुखात आणि एक दुःखात का? ईश्वर पक्षपाती आहे, की निर्दय? उत्तर दिलंय की तो जीवांच्या कर्माकडे पाहून फळ देतो. शंकराचार्यांनी भाष्यात पावसाचा दाखला घेतलाय: पाऊस सगळ्यांवर सारखा पडतो, भात आणि जव वेगवेगळं उगवतं ते बीजामुळे. पहिल्या जन्मी कर्म कुठून आलं, या शंकेला पुढच्याच सूत्रात उत्तर आहे, संसार अनादि आहे. आपल्या शास्त्रांना दोन गोष्टी मुळीच मान्य नव्हत्या: केलेलं वाया जाणं आणि न केलेलं माथी येणं. कृतनाश आणि अकृताभ्यागम.

आता पश्चिमेकडे पाहा. आदमने फळ खाल्लं, त्याचं पाप जन्मतःच प्रत्येक बाळाच्या माथी. बाप्तिस्मा न होता गेलेलं तान्हं बाळसुद्धा दंडातून सुटत नाही, शिक्षा सौम्य असली तरी आहेच, असं संत ऑगस्टीनचं मत होतं. ते पाप त्या बाळाला आठवतं का? ते त्याचं तरी आहे का? आणि साठ-सत्तर वर्षांच्या आयुष्यावरून कायमचा नरक, सुधारायला दुसरी संधी नाही. कर्मसिद्धांत निदान 'तुझं तूच केलंस' असं म्हणतो आणि नरकालाही मुदत देतो.

पारिजातक

@ओवीकार, ऑगस्टीनबद्दल सहमत. फक्त बायबलचा एकच सूर नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात अठराव्या अध्यायात स्वच्छ म्हटलंय की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. बापाने आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यापुढे चालायची नाही, असं देवच सांगतो.

कांट या जर्मन तत्त्वज्ञालाही इथे घ्यायला हवं. १७८८ च्या त्याच्या ग्रंथात तो म्हणतो की सद्गुणाच्या प्रमाणात सुख मिळावं ही नीतीची मागणी आहे, या जगात तसं होताना दिसत नाही, म्हणून आत्म्याचं अमरत्व आणि ईश्वर ही गृहीतकं आपल्याला धरावी लागतात. मूळ तळमळ तुमच्या कृतनाशाचीच आहे.

थेम्सकाठी

इंग्लंडमध्ये राहतो म्हणून इथली एक गोष्ट. १९९९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक ग्लेन हॉडल यांची मुलाखत 'द टाइम्स'मध्ये आली. पुनर्जन्मावर त्यांची श्रद्धा. बोलता बोलता ते म्हणून गेले, की काही माणसं अपंग जन्मतात त्याला कारण आहे, ते आधीच्या जन्मीचं कर्म आहे. देशभर संताप झाला. आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला असं त्यांचं म्हणणं होतं. २ फेब्रुवारीला त्यांचं पद गेलं.

तेव्हा आमच्या मराठी मंडळींत दोन तट पडले होते. काहींचं म्हणणं, आपली आजी रोज जे म्हणायची तेच तो म्हणाला, एवढं काय त्यात? मला मात्र ते वाक्य इंग्रजीत, मथळ्यात छापलेलं वाचल्यावर पहिल्यांदा कळलं की ते ऐकणाऱ्याच्या बाजूने कसं लागत असेल.

रानजाई

मी ऐकणाऱ्याच्या बाजूची आहे, म्हणून लिहिते.

माझा मुलगा आठव्या महिन्यात झाला. तिसऱ्या दिवशी कावीळ वाढली, बिलिरुबिन मेंदूपर्यंत गेलं. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. आता सहावीत आहे, वॉकर घेऊन चालतो, बोलणं जरा अडखळत पण बुद्धी तल्लख.

फिजिओथेरपीच्या केंद्राबाहेर बाकावर आम्ही आया बसलेल्या असतो. मुलांचे स्प्लिंट काढायचे, पायावर उठलेले पट्ट्यांचे वळ चोळायचे, पुन्हा मोजे सारखे करून स्प्लिंट चढवायचे. त्या बाकावर बसलेल्या प्रत्येकीला कोणी ना कोणी सांगून गेलंय, 'काहीतरी मागचं देणं असेल गं.' कोणी मुलाचं म्हणतं, कोणी आईचं. एका ज्योतिषांनी तर मला शांतीचा खर्चही लिहून दिला होता. सांगणारे वाईट नसतात, बऱ्याचदा डोळ्यांत पाणी आणून सांगतात. पण त्या एका वाक्यात ते माझ्या मुलाला गुन्हेगार करून जातात आणि हे त्यांच्या गावीही नसतं.

ओवीकारदादा, तुमचं ब्रह्मसूत्र ईश्वराला निर्दयपणाच्या आरोपातून सोडवतं. तो आरोप मग कोणावर सरकतो ते एकदा पाहा.

गेल्या महिन्यात मुलाने मला विचारलं, 'आई, मी मागच्या जन्मी काय केलं होतं?' कोणी सांगितलं, विचारलं तर म्हणाला, आजीच्या भिशीतल्या काकू म्हणाल्या. या धाग्यावर विद्वान माणसं आहेत. त्याला काय सांगू?

ओवीकार

रानजाईताई, तुमच्या शेवटच्या परिच्छेदापुढे माझं भाष्य तोकडं पडतं. एवढंच सांगतो, परंपरेतही पूर्वकर्म हा शेवटचा शब्द नाही. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणजे आपणच पूर्वी केलेला प्रयत्न, आणि आजचा प्रयत्न व कालचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे झुंजतात, बलवान असेल तो जिंकतो. टिळकांनाही गीतारहस्यात कर्मविपाक (कर्माचं फळ) आणि आत्मस्वातंत्र्य यांवर एक आख्खं प्रकरण लिहावंसं वाटलं ते याचसाठी. मुलाला एडक्यांची गोष्ट सांगा.

रानजाई

सांगेन, गोष्ट छान आहे. पण त्यातही कालचा एडका त्याचाच आहे ना?

निरंजना

ताई, तुम्ही ओवीकारांना जे विचारलंत तेच बाबासाहेबांनी विचारलं होतं. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये आला. त्यात ते म्हणतात की गरीब आणि दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता यावी, एवढाच पूर्वकर्माच्या सिद्धांताचा उपयोग दिसतो, आणि महाकारुणिक म्हणवला गेलेला बुद्ध असं काही शिकवेल हे संभवत नाही. पुनर्जन्म त्यांनी आत्म्याचा मानला नाही. शरीरातली तत्त्वं मेल्यावर त्यांच्या मूळ साठ्यात मिसळतात आणि नवीन जन्म त्यातून होतो, अशी त्यांची मांडणी. आमच्या घरी बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत. श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, ही त्यांतलीच एक.

पाली साहित्याचा आधार हवा असेल तर संयुत्त निकायातलं सीवक सुत्त वाचा. मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणसाला जे जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वी केलेल्यामुळे होतं असं काही श्रमणब्राह्मण म्हणतात, तुमचं काय म्हणणं? बुद्ध आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र, ऋतुबदल, वेडंवाकडं वागणं, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक. सगळंच पूर्वकर्माने होतं म्हणणारे लोक स्वतःला अनुभवाला येतं आणि जगात खरं मानलं जातं त्याच्या पलीकडे धावतात, म्हणून ते चूक आहेत, असं ते स्पष्ट सांगतात.

पहिलं कारण पित्त आहे, ताई. बिलिरुबिन म्हणजे पित्तातलंच रंगद्रव्य.

वाळवंटीचा

चोखोबांबद्दल कोणी काही लिहिलं नाही. त्यांचा 'शुद्ध चोखामेळा' हा अभंग आहे. त्यात ते म्हणतात, पूर्वी आपण निळाचा अवतार होतो, कृष्णनिंदा घडली, म्हणून हा जन्म मिळाला, हा विटाळ पूर्वीचं फळ आहे. ज्याला देवळाच्या पायरीशी अडवलं त्यालाच त्याचं कारण स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं. मी हा अभंग भजनात म्हणू शकत नाही, घसा दाटतो. आणि त्याच चोखोबांनी दुसरीकडे विचारलंय की पाचही भुतांचा एकच विटाळ, मग सोवळा कोण? सोयराबाईंनी तर देहाचा विटाळ देहातच जन्मतो म्हणून सगळ्यांनाच एका ओळीत बसवलं. कर्मसिद्धांत त्यांच्यावर लादलेला होता आणि तो त्यांनी आतून उसवायला घेतला होता, असं मला वाटतं.

तुकोबांचं मागणंही या चर्चेत यायला हवं. मुक्ती नको, धनसंपदा नको, संतसंग दे आणि खुशाल गर्भवासी घाल. बाकी सगळं तत्त्वज्ञान जन्मापासून सुटायची वाट शोधतंय आणि हा माणूस जन्म मागून घेतोय.

वकीलकाका

आठवणीचा मुद्दा आमच्या धंद्यात रोजचा. 'साहेब, दारूच्या नशेत होतो, काही आठवत नाही,' हे मी चाळीसएक वर्षं ऐकतोय. आपखुशीने प्यायला असेल तर कायदा ते ऐकून घेत नाही. न कळत किंवा जबरदस्तीने पाजली असेल, तर ऐकतो. जुन्या दंडसंहितेतली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. म्हणजे लॉकची आठवणीची कसोटी आपला कायदा जशीच्या तशी मानत नाही. तो विचारतो की बेशुद्धीकडे जाणारं पहिलं पाऊल तुझं होतं का?

आता मृत्यूबद्दल. आरोपी वारला की त्याच्यावरचा फौजदारी खटला तिथेच संपतो. गुन्हा वारसाकडे जात नाही. कर्ज मात्र जातं, पण मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरतंच. हे आजचं. पूर्वी हिंदू कायद्यात याहून निराळी गोष्ट होती. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं, नातवाचं, पणतवाचं धार्मिक कर्तव्य मानलं जाई आणि कोर्टं ते अमलात आणत. मुळाशी कल्पना अशी की ऋण न फेडता मेलेल्याला परलोकी गती नाही. कर्जबुडव्या सावकाराच्या घरी दास किंवा जनावर होऊन जन्मतो, अशी वचनं स्मृतींत आहेत. बापाला त्यातून सोडवायचं तर मुलाने फेडायचं. पण त्यालाही अपवाद होता: बापाने जुगारासाठी किंवा दारूसाठी काढलेलं कर्ज मुलावर नाही. बापाच्या कर्जाचा बोजा मुलावर टाकणाऱ्या शास्त्रालाही बापाची अनीती मुलाच्या माथी मारायचं धाडस झालं नाही.

२००५ मध्ये हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क मिळाला म्हणून ती सगळ्यांना माहीत आहे. त्याच सहाव्या कलमात पुढे असंही आहे की केवळ धार्मिक कर्तव्य म्हणून बापाच्या नव्या कर्जासाठी मुलावर, नातवावर, पणतवावर दावा चालणार नाही. वाल्या कोळ्याच्या बायकापोरांनी 'पापात आम्ही वाटेकरी नाही' असं सांगितलं होतं, तेच संसदेने कर्जापुरतं केलं असं म्हणा.

रानजाईताई, कोर्टात आरोपपत्र नसताना कोणाला आरोपी म्हणता येत नाही. कोणतं कृत्य, कधी, कुठे, कोणाविरुद्ध, हे लिहावं लागतं. त्या भिशीतल्या काकूंना एवढंच विचारा.

सांजसावली

मृत्यूच्या बाजूने एक अनुभव. माझ्या मोठ्या काकांच्या दहाव्याला आम्ही पंचगंगेच्या घाटावर होतो. पिंड ठेवले, सगळे मागे सरकलो. कावळे समोर झाडावर बसलेले, एक खाली उतरेना. ऊन चढत गेलं. मग नेहमीसारखं सुरू झालं, एकेकाने पुढे होऊन हात जोडून सांगायचं. 'शेताचं काम पुरं करू.' 'धाकटीचं लग्न करून देऊ.' कावळा नाही. शेवटी चुलतभाऊ पुढे झाला आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाला, 'आत्याला आम्ही अंतर देणार नाही.' आत्या लग्नाची राहिलेली, काकांच्याच घरी असायची.

कावळा तरीही आला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि विधी उरकला. पण आत्या आज त्याच्याकडे आहे, मानाने आहे. चार माणसांत बोललेला शब्द त्याला मोडता आला नाही.

तर्काने पाहिलं तर हा विधी कर्मसिद्धांताशी जुळत नाही. ज्याचं कर्म त्याच्याबरोबर असेल, तर माझ्या पिंडाने काकांचं काय होणार? चार्वाकांनी हेच विचारलंय की श्राद्धाने मेलेल्यांची भूक भागते, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून देता, घरीच जेवण वाढा की! मला त्यांचा प्रश्न बिनतोड वाटतो. तरीही त्या घाटावर जबाबदारी मेलेल्याकडून जिवंतांकडे आली, ती आमच्या डोळ्यांदेखत.

कृष्णाकाठ

सांजसावली आणि वकीलकाका, तुमच्या दोघांच्या प्रतिसादांनी धागा मी योजला होता त्याच्या पुढे गेला. मी जबाबदारी 'तोच माणूस' या दोरीला बांधून विचार करत होतो. तुमच्या उदाहरणांत माणूस बदलतो आणि जबाबदारी तरीही पुढे जाते, पण ती कोणीतरी उघडपणे, सगळ्यांसमोर घेतलेली असते. बृहदारण्यक उपनिषदात आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो, माणूस मेल्यावर त्याची वाणी अग्नीत, प्राण वाऱ्यात, डोळा सूर्यात जातो, मग हा पुरुष कुठे राहतो? याज्ञवल्क्य म्हणतात, हात दे, हे चारचौघांत बोलायचं नाही. दोघे बाजूला गेले आणि जे बोलले ते कर्माबद्दलच बोलले. म्हणजे ज्या गोष्टीबद्दल त्या दोघांनी सभेतून उठून एकान्तात बोलणं पसंत केलं, ती आज भिशीत आणि दवाखान्याच्या बाकावर कोणीही कोणालाही ऐकवून जातं. माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

रानजाई

सगळ्यांचे आभार. मुलाला काल सांगितलं: तू आठव्या महिन्यात आलास, यकृत अजून तयार नव्हतं, पित्तातला पिवळा रंग रक्तात साठला आणि मेंदूच्या एका भागाला इजा करून गेला. त्यात तू काही केलेलं नाहीस, या जन्मी नाही आणि कुठल्याच जन्मी नाही. त्याने पहिली शंका काढली ती 'मग आता यकृत ठीक आहे का?' ही.

सासूबाईंनाही निरंजनाताईंनी दिलेली आठ कारणं वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, 'सात कारणं पुरी पडतात, तर बुद्धाने आठवं ठेवलंच कशाला?' मला सांगता आलं नाही. ताई, तुम्हीच सांगा.

निरंजना

सासूबाईंना नमस्कार सांगा, प्रश्न मर्मावरचा आहे. आठवं काढून टाकलं असतं तर मी आज कोणाला दुखावलं त्याचं पुढे काहीच होणार नाही, असं मला स्वतःला म्हणता आलं असतं. ते माझ्यासाठी ठेवलंय. दुसऱ्याचं निदान करायला ते वापरता येऊ नये याचीही सोय आहे. अंगुत्तर निकायात चार गोष्टी विचार करून थांग न लागणाऱ्या सांगितल्यात, बुद्धांचा आवाका, ध्यानाचा आवाका, कर्माचा विपाक आणि जगाविषयीचे तर्क. कोणाचं कोणतं दुःख कोणत्या कर्माचं, हे शोधायला बसणाऱ्याच्या पदरात वेड आणि वैताग एवढंच पडेल, असं तिथे म्हटलंय. हे सुत्त अगदी छोटं आहे. सासूबाईंनाही वाचून दाखवा, आणि जमलं तर भिशीच्या दिवशी.